उंदराचं औषध

४ जानेवारी

मामा,

'तीर्थरूप' लिहायला घेतलं आणि हात थांबला. सव्वीस वर्षांत ज्यांचं तोंड पाहिलं नाही त्यांना एकदम तीर्थरूप म्हणणं तोंडदेखलं वाटलं. म्हणून नुसतंच मामा.

बाबा गेले त्याला तीन महिने झाले. त्यांच्या पेटीत तुमचा पत्ता सापडला. खाली त्यांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'नको'. त्यांच्या हयातीत मी तो पाळला. आता अडचणच अशी आली आहे की तुमच्याइतका जाणकार दुसरा कोण मिळणार?

मी पुस्तकं बांधते. दोनच खोल्या आहेत. पुढच्या खोलीत शिलाईची चौकट, दाबयंत्र आणि खळीचं भांडं असतं, मागच्या खोलीत आम्ही. हे महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतात. घरात सासूबाई, साडेपाच वर्षांची पोर आणि मी. परवा वाचनालयाचा जाडजूड शब्दकोश दाबातून काढला, तर कण्याचं कापड कुरतडलेलं आणि आतल्या पानांना भोक. दुपारी सगळं निजलं की माळ्यावर खरखर ऐकू येते. उंदीर मात्र एकही दिसलेला नाही. सासूबाई म्हणतात, घर जुनं आहे, लाकूड बोलतं. मला ते पटत नाही.

तुम्ही पालिकेच्या उंदीर मारायच्या खात्यात होतात एवढं मला ठाऊक आहे. तिथलं उंदराचं औषध जालीम असतं म्हणे. थोडं पाठवाल का? मामा कधी रिकाम्या हातानं येत नाही म्हणतात. तुम्ही तर आलाच नाहीत, निदान पुडी तरी येऊ द्या.

तुमची भाची


१३ जानेवारी

बाळ,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि तासभर ते फोडलंच नाही. तुझ्या आईचं अक्षर असंच होतं, ओळ संपता संपता वर चढणारं. असो. फोन करू नकोस. माझा डावा कान गेलाय आणि उजव्याला हवं तेवढंच ऐकू येतं. लिहीच.

उंदीर दिसायची वाट बघू नकोस. तो दिसला म्हणजे उशीर झाला. चोर कधी नाव सांगून येत नाही, त्याच्या खुणा वाचाव्या लागतात. आधी लेंड्या शोध. जिऱ्याएवढ्या असल्या तर चिटूर, म्हणजे लहान उंदीर, मनुकेएवढ्या असल्या तर मोठा उंदीर. हात लावू नकोस, काडीनं दाब. मऊ आणि चकाकत असली तर कालची, दाबताच भुगा झाला तर जुनी. मग भिंतीच्या कडेला बस आणि जमिनीपासून चार बोटांवर बघ. काळपट, तेलकट पट्टा दिसेल. उंदीर मोकळ्यातून जात नाही, एका अंगाला त्याला भिंत लागतेच. रोज त्याच वाटेनं जाऊन अंग घासून घासून तो भिंत मळवतो. कुरतडलेलं लाकूड आतून फिकट असेल तर घाव ताजा, काळं पडलेलं असेल तर जुना. शंका राहिली तर संध्याकाळी भिंतीलगत मैद्याचा पातळ थर पसर आणि सकाळी पावलं बघ. माळ्यावर कागदाच्या चिंध्यांचा गोळा सापडला तर समज, बाळंतपण झालंय. आणि चुकचुक आवाज करत लांब नाकाची एखादी निघाली तर ती चिचुंद्री. तिला मारू नकोस, ती बिचारी झुरळं खाते. नावातल्या साम्यावर शिक्षा द्यायची नसते.

खळीच्या भांड्याला झाकण आहे का? नसेल तर तू रोज पंगत वाढते आहेस. भोकात तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट भर. सापळे लाव. बत्तीस वर्षं हेच काम केलं, सकाळी सातच्या पाळीला एकदाही लेटमार्क नाही. आणि खात्याच्या डब्यांवर 'विष' हा शब्द छापून घेतला तो मी. त्यासाठी फाटकावर आठ वर्षं सभा घेतल्या. साहेब हसले, सोबती हसले, म्हणाले एका शब्दासाठी कसला संप! मी म्हणालो, माणसं आधी शब्दानं मरतात, बाकीचं नंतर येतं. शब्दकोश उंदरानं खाल्ला तर नवा बांधता येईल. माणसंच शब्द खायला लागली तर बांधणार काय?

तू शेवटी जे मागितलं आहेस त्याची तुला गरज नाही.

मामा


२१ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा माणूस उंदरांवर बोलतोय की सरकारवर?" मग मी काडी घेऊन लेंड्या दाबत बसले, तर म्हणतात, "काय गं, भविष्य बघतेस का त्यात?"

भविष्य वाईट आहे. लेंड्या मनुकेएवढ्या आणि मऊ आहेत. तेलकट पट्टा दाबयंत्रामागून थेट माळ्याच्या शिडीपर्यंत गेलाय. मैद्यात पावलं उमटली, पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची पाच, मध्ये शेपटीची ओढ. पोर हरखून गेली, म्हणाली, "आई, रांगोळी!" माळ्यावर चिंध्यांचा गोळाही होता, शब्दकोशाच्या पानांचा. त्यातलं वाचता येण्याजोगं काहीच उरलं नव्हतं. भोकं बुजवली, खळीला झाकण केलं. सापळ्यात दोन सापडले. पण खरखर थांबलेली नाही. मामा, सापळ्यानं कुठवर पुरं पडणार? औषध पाठवा. गावभर वाटत होतात आणि भाचीला नाही म्हणता! डोंगर पोखरायला सांगता आणि उंदीर तिथेच.

एक विचारायचं होतं. मी लहान असताना तुम्ही मला खारूताई म्हणायचात ना? काही सांगितलं की पळत जाऊन आणायची, म्हणून. तुम्ही यायचे थांबलात तसं ते नावही थांबलं. बाबांसमोर मी एकदा म्हणाले तर त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. तुम्हीही पत्रात बाळच लिहिलं आहे.

आईची मला एकच आठवण आहे. खाटेवर उशीला टेकून बसली आहे, तोंड वाकडं करते आणि म्हणते, "कडू आहे गं. पण दादानं आणलंय ना, मग घेते." पुढे काही नाही. तुम्ही असं काय आणलं होतंत? आजारी बहिणीसाठी एखादं गोड फळ तरी आणायचं!

तुमची भाची


१८ फेब्रुवारी

मामा,

महिना होत आला. इतकं काय बोलले मी? फळावरून थट्टा केली त्याचा राग आला असेल तर माघार घेते.

बांधून तयार झालेल्या आठांपैकी तीन खंडांचे कोपरे गेले. दोन-चार दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानातून औषध आणणार आहे. तुमच्या हातचं मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

तुमची भाची


२४ फेब्रुवारी

आणू नकोस. आणलं असशील तर आत्ता, हे पत्र हातात असतानाच, डब्यात बंद करून घराबाहेर काढ. हात धू, पोरीचे हात धू. आणि त्याला औषध म्हणू नकोस. औषध बरं करतं. हे विष आहे. दुकानदार औषध म्हणेल, शेजारीण म्हणेल, सगळं गाव म्हणेल. सगळ्या गावानं म्हटलं म्हणून विष गोड होत नाही. पोरीला शब्द शिकव. वि-ष. ती रडेपर्यंत शिकव.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

काल औषध आणलं. दुकानदारानं कागदात पुडी बांधून दिली. मी ती वरच्या फळीवर ठेवली आणि पोरीला बजावलं, "हे उंदराचं औषध आहे, हात लावायचा नाही." आज सकाळी मी खळ ढवळत होते. मागच्या खोलीत सासूबाईंना खोकल्याची उबळ आली. त्या म्हणाल्या, "सोन्या, माझं औषध आण गं." मी म्हटलं, आणेल, तिला बाटली माहीत आहे. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाटली खालच्या फळीवर असते, तिला स्टूल लागत नाही. हे मला दोन क्षण उशिरा सुचलं.

मी दारात पोचले तेव्हा पोर स्टुलावरून उतरून पुडी आजीच्या हातात देत होती. सासूबाईंनी ती उघडली होती. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण देवाची कृपा, चष्मा कपाळावर होता. तो खाली ओढला आणि म्हणाल्या, "मेलं हे काय काळं?"

मी पोरीच्या पाठीत धपाटा घातला. ती रडत म्हणाली, "तूच म्हणालीस ना औषध!"

पण लिहायचं आहे ते हे नाही. पोर हात लांब करून पुडी देत होती ना, तेव्हा माझा स्वतःचा हात पुढे झाल्यासारखा वाटला. लहान हात. कागदाची पुडी. खाटेची कड माझ्या छातीशी लागलेली. आणि कडू आहे गं.

बाबा सांगायचे, आई तापानं गेली. मामा, माझी आई कशानं गेली?


८ मार्च

बाळ,

विचारलंस, तर ऐक.

तुझी आई माझ्या हातून गेली. तिचा खोकला हटत नव्हता. दवाखान्यातून मी तिच्यासाठी पुडी आणली होती. तिच्या स्वयंपाकघरात उंदीर झाले होते, म्हणून खात्यातलीही एक पुडी आणली होती. दोन्ही एकाच जातीच्या कागदात, एकाच पद्धतीनं बांधलेल्या. त्या दिवशी दुपारी मी तिच्या खाटेपाशी बसलो, चुकीची पुडी सोडली आणि माझ्या हातानं तिला दिली. घरात दुसरं कोणी नव्हतं. तू अंगणात खेळत होतीस. संध्याकाळी ती गेली.

चौकशीत मी हेच सांगितलं. चुकून घडलं म्हणून मला सोडलं. तुझ्या बाबांनी मला दाराबाहेर काढलं आणि बरोबर केलं. तू लहान होतीस, तुला ताप सांगायचा असं ठरलं. ज्या माणसानं बायको गमावली त्यानं माझं तोंड का पाहावं? त्यांच्या 'नको'बद्दल त्यांना दोष देऊ नकोस.

आता तुला कळलं. इथेच थांब. पुन्हा लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

मामा


१६ मार्च

मामा,

तुमचं पत्र सात-आठ वेळा वाचलं. रडायचं तेवढं रडूनही झालं. मग तुम्ही शिकवलं तसं खुणा बघत बसले. तुमचं पहिलं पत्र भिंतीच्या कडेनं जातं. उंदीर, सापळे, सिमेंट, चिचुंद्रीची वकिलीसुद्धा, आणि मी जे मागितलं त्याचं नावही नाही. फक्त 'जे मागितलं आहेस'. मला खारूताई म्हणत नाही. आईची आठवण कळवली तर महिनाभर गप्प. त्या तेलकट पट्ट्याचा माग काढत मी थेट खाटेपाशी आले.

आई म्हणाली, कडू आहे गं. मामा, 'गं' कुणाला म्हणाली? तुम्ही खाटेपाशी बसला असता तर म्हणाली असती, "कडू आहे रे." आणि दादा समोर असताना, दादानं आणलंय ना, असं दादालाच कोण सांगतं?

मी अंगणात असते तर मी ते ऐकलं कसं?

मी पुस्तकं बांधणारी बाई आहे. पान उलट लागलेलं मला बोटाला कळतं. उंदराला मांजर साक्ष, तसे तुम्ही आणि बाबा एकमेकांना साक्षी राहिलात, आणि मध्ये मी. आता खरं लिहा.


२ एप्रिल

खारूताई,

सव्वीस वर्षांनी हे नाव लिहितो आहे. एका 'गं'नं मला पकडलंस. हजारांच्या सभेत मला कोणी कोंडीत पकडू शकलं नाही. शब्द तोलून वापरा म्हणून जन्मभर ओरडलो आणि तुझ्या पत्रातला तो एवढासा 'गं' माझ्या नजरेतून सुटला. खोटं रचायच्या घाईत माणूस बहिरा होतो.

सकाळचे साडेसहा वाजले होते. सातची पाळी होती. मी दारातूनच पिशवी तुझ्या हातात दिली आणि म्हणालो, "खारूताई, पळ, आईला औषध दे." आत दोन पुड्या होत्या. मी बूटही काढले नाहीत. आत आलो असतो तर दहा मिनिटं गेली असती आणि लेटमार्क लागला असता. बत्तीस वर्षं एकही लेटमार्क नाही, हे तुला मी पहिल्याच पत्रात छाती फुगवून लिहिलं. तो माझा पराक्रम ऐकलास.

तू औषध दिलंस. मी सांगितलं होतं तेच दिलंस. त्या घरात दोन्ही पुड्यांना औषधच म्हणत होते आणि म्हणायला मी शिकवलं होतं. विष म्हणालो असतो तर तू पिशवी टाकून पळाली असतीस, इतकी भित्री होतीस. संध्याकाळी निरोप आला तेव्हा तू पायरीवर बसली होतीस, मला पाहून म्हणालीस, "मामा, मी आईला औषध दिलं." शाबासकीसाठी तोंड वर करून बघत होतीस. मी म्हणालो, नाही बाळ, तू नाही, मी दिलं. रोज येऊन तेच सांगत राहिलो, तेराव्या दिवशी तूही म्हणालीस, मामानं दिलं. मग तुझ्या बाबांनी मला येऊ दिलं नाही. मी आसपास राहिलो असतो तर एखाद्या दिवशी तुला आठवलं असतं, ही भीती त्यांनाही होती आणि मलाही. दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर आमचं एकमत नव्हतं.

एक गोष्ट मला जन्मभर विचारायची होती. ती शेवटचं काय म्हणाली? त्या खोलीत तुझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि तुला विचारणं म्हणजे तुला सांगणं. मी न विचारता मरणार होतो. तू ते फळाच्या थट्टेत लिहून पाठवलंस. महिनाभर मी पत्र खिशात घेऊन हिंडलो. 'दादानं आणलंय ना.' चौकशीत मला सोडलं ते चुकलं, असं मला या सव्वीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. ते वाक्य वाचून वाटलं.

तू हाक मारलीस तर येईन. पण रिकाम्या हातानं येईन. जगानं काय म्हणायचं ते म्हणावं, हा मामा पुन्हा कुणाच्या घरी हातात काही घेऊन जाणार नाही.

मामा


१० एप्रिल

मामा,

खरखर थांबली. शेवटचा सापळा चार दिवस रिकामा आहे. काल भिंतीवरचा तेलकट पट्टा साबणानं घासला, तरी पुसटसा राहिलाच. जुनी वाट नव्या उंदरांना दिसते असं ऐकलंय, म्हणून वरून चुना मारला.

आई माझ्या हातानं गेली. हे वाक्य एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही आणि पोरीला कधी सांगणार नाही. मी शांत झाले असं समजू नका. सासूबाईंना चमच्यातून औषध देताना माझा हात मधेच थांबतो. त्या म्हणतात, "देतेस की बघतेस नुसती?" त्यांनाही काही सांगितलेलं नाही. बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचते, मग देते. पोरही आता तसंच करते. तिला अजून सगळी अक्षरं येत नाहीत, पण 'वि' आणि 'ष' येतात. ती मी तिला रडेपर्यंत शिकवली. ती कशासाठी रडली ते तिला कळलं नाही. मी कशासाठी रडले तेही.

तुम्ही मला पायरीवर शाबासकी दिली नाहीत. द्यायला पाहिजे होतीत, मी सांगितलेलं ऐकलं होतं. त्यापेक्षा जास्त काही मला तुमच्याकडून नको आणि कमीही नको.

या. सकाळच्या गाडीनं या, घाई न करता. बूट काढा, आत येऊन बसा. आणि रिकाम्या हातानं येऊ नका. लिमलेटच्या गोळ्या आणा, चार-सहा. कागदातच आणा, पुडी बांधून. दारातून देऊ नका. खाटेवर बसा, पुडी माझ्या हातात द्या. ती उघडून आधी एक मी खाईन. मग पोर माझ्या तोंडाकडे बघेल, तिची सवय आहे. मी तिला म्हणेन, गोड आहे गं. मामाआजोबांनी आणलंय ना, मग घे.

तुमची
खारूताई